हरताळातला चुडा

अठ्ठावन्न साली पुण्याच्या सरकारी ऑफिसातून हुकूम आला, की पुढच्या महिन्यापासून दौंडची दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद राहतील. आणि तो दिवस नेमका बाजाराचा. हुकूम काढणाऱ्याने दौंडचा बाजार जन्मात पाहिला नसावा. एरवी पेठेतले दुकानदार एकमेकांची तोंडं बघत बसत. बाजाराच्या दिवशी मात्र खुटबाव, भांडगावच्या बैलगाड्या येत आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरत नसे.

वजीर मणेराला तर घामच फुटला. त्याचं दुकान बांगड्यांचं, आणि खेड्यातल्या बायका गावात येत त्या बाजारालाच. तो दिवस गेला, की दुकान गेलंच.

व्यापारी मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष पोपटराव, कापडाचे व्यापारी. माणूस मनाने मोठा, पण ठराव म्हटला की त्यांना तहानभूक सुचत नसे. शिरूरच्या व्यापाऱ्यांनी अशाच कामासाठी साधा अर्ज केला होता, हे ऐकून त्यांनी नाक मुरडलं. दौंडकर अर्ज तर करतीलच, वर येत्या बाजाराला कडकडीत हरताळ पाळतील, असा ठराव झाला. त्या दिवशी जो विकेल, किंवा ज्याच्या घरचं कुणी विकत घेईल, त्याचं नाव मंडळातून कमी. हे दुसरं कलम पोपटरावांनी स्वतः हौसेने घातलं. दुकानं बंद ठेवायला लावू नका म्हणून दुकानं बंद ठेवायची, हे वजीरला जरा चमत्कारिक वाटलं. पण त्याला मंडळात येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने मुकाट्याने हात वर केला.

अर्जाचं उत्तर मात्र झटपट आलं. साहेब स्वतः येत्या बाजाराला येऊन गिऱ्हाईक किती असतं ते बघणार होते. मग आता हरताळ कशाला, असं वजीरने भीत भीत विचारलं. पोपटरावांनी मंडळाच्या नियमांची वही उघडली.

“ठराव मागं घ्यायचा तर आठ दिसांची नोटीस लागती, वजीरभाई. आन् बाजार तर परवाच हाय.”

बाजाराचा दिवस उजाडला. पेठ बंद बघून आलेल्या गाड्या मागे फिरू लागल्या. वजीर दुकानाच्या फळ्या लावून आत हात चोळत बसला होता, तोच मागच्या दाराची कडी वाजली. खुटबावच्या गीताबाई लेकीला घेऊन उभ्या होत्या.

“उद्या पोरीची हळद हाय, भाऊ. मोकळ्या हातानं बसवू का तिला?”

वजीरच्या बापाने काय, आज्याने काय, नवरीला चुडा भरल्याशिवाय कधी परत पाठवलं नव्हतं. मंडळातून नाव जाणार हे त्याला कळत होतं. तरी त्याने दार उघडलं आणि हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला. तिचा दुसरा हात भरेपर्यंत मागचा बोळ बायकांनी गच्च भरला.

तिकडे पोपटरावांनी स्टेशनावर साहेबांना हार घातला आणि मोठ्या अभिमानाने सुनसान पेठ दाखवली. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘गिऱ्हाईक नाही.’ पोपटराव हरताळाचं महत्त्व समजावू लागले. आपण दिसेल तेच लिहितो, असं साहेब थंडपणे म्हणाले. पोपटरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात बोळातून बायकांचा कलकलाट ऐकू आला आणि साहेब तिकडे वळले.

दारात अध्यक्षांना बघून वजीरच्या हातातली बांगडी तिथेच राहिली. आता संपलं, असं त्याला वाटलं. साहेबांनी समोर बसलेल्या बाईला विचारलं, की आजच का आलात? बाईने पदर पुढे ओढला. त्या झुंबरबाई होत्या, पोपटरावांच्या घरच्या.

“बाजाराला न्हाई यायचं तर कवा यायचं? एरवी घरातनं सोडतंय कोण?” त्या साहेबांना म्हणाल्या, पण बघत होत्या नवऱ्याकडे.

साहेबांनी आधीची ओळ खोडली. पंधरा दिवसांत नवा हुकूम आला आणि बाजाराचा दिवस सुटला.

मग बैठक झाली. हरताळ यशस्वी झाल्याबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन झालं. पुढचा विषय वजीरचा. तो खाली मान घालून उभा राहिला. पोपटरावांनी खणखणीत आवाजात ठराव वाचायला घेतला. ‘जो विकेल’ इथवर आवाज चढलेला होता. ‘किंवा ज्याच्या घरचं’ इथे तोच आवाज बसला.

त्यांनी चष्मा काढून पुसला, वही मिटली आणि हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. वजीरला एकदम हलकं वाटलं. पायऱ्या उतरताना पोपटरावांनी त्याला बाजूला घेतलं.

“पुढल्या बाजारी आमच्या घरच्यांना पुढच्या दारानं घ्या,” ते हळूच म्हणाले. “त्यांचा एकच हात भरून झालाय.”