पोतंभर टोकं

दोराची टोकं, पोतंभर.

लाल चिकट चिठ्ठ्या, त्यांवर लेकीच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: जंक.

भर समुद्रात एक जहाज, बुडायचं नाव न घेणारं.

बाबांच्या पँटच्या मागच्या खिशावर त्यातलीच एक लाल चिठ्ठी.

जहाज सोडलं तर बाकी सगळं एकाच खोलीत होतं. बाबांनी इथे जन्मभर खुर्च्या दुरुस्त केल्या. आता बोटांत पकड राहिली नव्हती, आणि खोली आज रिकामी करून द्यायची होती. भंगारवाल्याच्या टेम्पोत जे जायचं त्यावर लेक चिठ्ठी लावत होती. तिने स्टुलाला लावली, बाबा नेमके त्यावर टेकले, आणि उठले ते जंक होऊनच.

"बाबा, मागे वळा."

"कशाला?"

"शिक्का बसलाय तुमच्यावर."

"राहू दे. तुझी आई हेच म्हणायची, फक्त चिठ्ठी लावत नव्हती."

ती हसली. पण बाबांचा डोळा पोत्यावर होता, आणि पोत्यालाही चिठ्ठी होती. तेवढं ठेव, असं ते म्हणाले नव्हते. म्हणणारही नव्हते; हट्ट त्यांच्या स्वभावातच नव्हता. नुसता जाता-येता पोत्याला हात लावत होते, दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला लावावा तसा.

"तू कोशवाली ना," ते म्हणाले. शब्दकोशाच्या कचेरीत ती इंग्रजी शब्दांची कुळं शोधायची. "मग सांग, हा जंक शब्द आला कुठून?"

"जहाजावरून. झिजलेल्या जाड दोराला खलाशी जंक म्हणायचे."

"आणि फेकायचे?"

"छे. तुकडे करून चटया विणायचे. उरलेलं पिंजून फळ्यांच्या फटींत ठासायचे, पाणी आत येऊ नये म्हणून."

"आणि जहाजावर कुठून आला?"

"ते कुणालाच नक्की माहीत नाही."

"असू दे. थोडं न कळलेलंही राहावं."

बोलता बोलता त्यांनी पोत्यातलं एक टोक काढून उलगडायला घेतलं होतं. बोटं ऐकेनात, तर दातांनी. त्यातून सुटलेला भुरकट पुंजका तिला ओळखीचा वाटला. बाबांनीच दुरुस्त केलेली कचेरीतली तिची खुर्ची एका कोपऱ्यात उसवली होती. एखादा अर्थ अडला की ती तिथे बोट घालून बसायची. बोटाला लागायचं ते हेच.

"माझ्या खुर्चीत तुम्ही हे भरलंत?"

"मग काय, कापूस? कापूस दबतो. आणि तू एकदा बसलीस की उठतेस थोडीच."

खाली टेम्पो वाजला. तिने पोत्यावरची चिठ्ठी सोलून काढली. टेम्पोवाला वर येऊन पोत्याशी वाकला, तशी ती म्हणाली, "हे नाही, दादा. हे आमच्या घरी."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंत न्याहाळत होते.

टेम्पोवाल्याशी बाबांचं आदल्या दिवशीच ठरलं होतं: पोतं बाकी सामानाबरोबर चढवायचं, आणि संध्याकाळी गुपचूप घरच्या जिन्याखाली टाकून जायचं.