होम प्लेटवरची धूळ

"तो चेंडू बाहेरून गेला होय, ऑर्विल? माझ्या सासूनंसुद्धा स्ट्राइक दिला असता."

"मग उभी कर सासूला. मी सावलीत जाऊन बसतो."

बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजामागे बसलेला कॅचर ड्वेन पाठीशी उभ्या पंचाकडे, ऑर्विलकडे, न बघताच बोलत होता. कॅचरनं वळून वाद घातला तर साऱ्या गावासमोर पंचाची शोभा होते. म्हणून तोंड पिचरकडे, चेंडू टाकणाऱ्याकडे, ठेवूनच भांडायचं, ही रीत.

ऑर्विल त्याचा मेहुणा. ड्वेनची बहीण मेबल गेल्यापासून ऑर्विल आठवडाभर गावातले नळ दुरुस्त करी आणि डब्यातलं सूप गरम करून पिई. रविवारी मात्र तो ड्वेनकडे, त्याच्या बायकोच्या, लोरेटाच्या हातचं, माणसांत जेवे.

पुढचा चेंडू बॅटची कड घेऊन ड्वेनच्या गळ्याखाली बसला. तो कळवळून वाकला. ऑर्विलनं खेळ थांबवला, ब्रश काढला आणि होम प्लेट, फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेली पांढरी पाटी, झाडायला घेतली. प्लेट स्वच्छ होती. पण ती झाडून होईपर्यंत कॅचरला श्वास मिळतो आणि लागलं का, असं कुणाला विचारावं लागत नाही.

"घरी कधी झाडू धरला नाहीस म्हणे," ड्वेन कण्हत म्हणाला. "मेबल सांगायची."

नवव्या, शेवटच्या डावात ड्वेनचा संघ एका धावेनं पुढे होता. शेजारच्या गावाचे दोघे बाद झाले होते. तिसरा गेला की सामना खिशात, आणि या शेजाऱ्यांना हरवून जमाना लोटला होता. तेवढ्यात फटका बसला आणि त्यांचा धावपटू तिसरा बेस ओलांडून होमकडे सुटला. त्याचा पाय प्लेटला लागण्याआधीच ड्वेननं चेंडू त्याच्या अंगाला टेकवला. गाव नाचायला लागलं.

पण चेंडू ड्वेनच्या ग्लोव्हमधून निसटून गुडघ्याखाली पडला होता. ते फक्त ऑर्विलला दिसलं.

"सेफ," तो म्हणाला. चेंडू हातातून सुटला, की धावपटू नाबाद. बरोबरी झाली.

ड्वेन वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आजचं जेवण तुझं तू बघ."

गावाच्या शिव्या ऑर्विलला नव्या नव्हत्या. पण लोरेटावहिनीच्या टेबलाशी असलेली आपली खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. फार वाईट वाटलं त्याला. तरी चेंडू सुटला होता, तो सुटलाच होता.

त्या विचारात असतानाच एक चेंडू बॅटला चाटून थेट त्याच्या मुखवट्यावर आदळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पंचासाठी ब्रश कोण काढणार? अशा वेळी कॅचरनं पिचरशी काहीतरी बोलायला जायचं असतं, पंच सावरेपर्यंत. अर्थात, ते कॅचरच्या मर्जीवर.

ड्वेन बसूनच राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि रमतगमत पिचरकडे गेला. तिथं बराच वेळ काहीबाही बोलला. पिचर हसला.

"काय एवढं बोलत होतास?" तो परतल्यावर ऑर्विलनं विचारलं.

"लोरेटानं कोंबडी तळलीय. त्याला म्हटलं, येतोस का जेवायला." ड्वेन पुढे तोंड करून बसला. "तो नाही म्हणाला. खुर्ची रिकामीच आहे."

ऑर्विलनं ब्रश काढला, वाकला आणि स्वच्छ प्लेट कोपऱ्याकोपऱ्यातून झाडू लागला. ड्वेननं त्याला घाई केली नाही.