कडेवरून कडेवर

एप्रनमध्ये रुतलेली बाळाची बोटं तिने एकेक करून सोडवली आणि त्याला त्याच्या आईकडे दिलं. त्याने भोकाड पसरलं. दातांचा दवाखाना बंद करून धावतपळत आलेली त्याची डॉक्टरीण आई कावरीबावरी झाली.

“मला बघून रडतोय का हो?”

“छे, झोप अर्धवट झालीये त्याची.”

झोप चांगली दोन तास झाली होती. पण आईचं मन दुखवायचं नाही, हा या पाळणाघराचा नियमच होता: बाळ इथे पहिल्यांदा हसलं, पालथं पडलं, बसलं, तरी आईला सांगायचं नाही. घरी तिला दिसेल तेच पहिलं. इतक्या वर्षांत तिने कितीतरी बाळांचं पहिलं हसू पोटात ठेवलं होतं. खोटं बोलताना आता जीभ अडखळतही नसे.

तिची स्वतःची मुलगी सात महिन्यांची होती. तिसऱ्या महिन्यापासून दिवसभर सासूबाईंजवळ.

घरी पोचल्यावर तिने आधी हात धुतले. मुलगी सासूबाईंच्या कडेवर होती.

“ये गं ठमे.”

ठमीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ काढला आणि सासूबाईंच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली.

या वयात मुलांना आपलं कोण, परकं कोण ते कळू लागतं. चांगलं लक्षण आहे, काळजी करू नका, असं ती आल्यागेल्याला समजावत असे. ते शहाणपण आज तिच्याच अंगाशी आलं.

“भूक लागली असेल तिला,” सासूबाई म्हणाल्या.

“आत्ताच भरवलंत ना? लाळेरं ओलं आहे अजून.”

“मग दात येत असतील.”

सासूबाई मुलीची पाठ थोपटत राहिल्या. आवाजात काळजी होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं. ते तिने लगेच ओळखलं. आईला सोडून मूल आपल्याला बिलगलं की ते येतंच. तिलाही रोज येई, आणि तीही ते असंच दाबत असे. चिडावं तर कोणत्या तोंडानं?

पुढे केलेले हात तिने मागे घेतले.

“हो,” ती म्हणाली. “दातच असतील.”