मनोऱ्याचं दार

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास हॅडिंगफील्डच्या चर्चमधलं मनोऱ्याचं दार बंद झालं आणि थिर्झा कॅचपोल आत राहिली.

दार ओकचं, चार बोटं जाड, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं. त्याची कडी बाहेरून उचलते. आतून उचलायचा दांडा हिवाळ्यात तुटला होता. गावचा लोहार तासाभरात नवा बसवून द्यायला तयार होता. पण इतक्या जुन्या दाराला हात लावायचा तर चर्चच्या वरिष्ठांकडून परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत एक खिळाही ठोकायचा नाही, असं चर्चची देखभाल पाहणारी वॉर्डन म्हणून थिर्झानेच त्याला बजावलं होतं. तोवर दारात काहीतरी अडकवून वर जायचं. आज तिने शेवटच्या बाकावरची गुडघे टेकायची उशी अडकवली होती. उशी थर्केटल घराण्याची, वर रंगीत दोऱ्याने नांगर भरलेला. सगळ्या उशांत तीच जाड होती.

ती वर गेली होती घड्याळाची हातोडी बांधायला. चर्चच्या वार्षिक सभेत टोल पडू नयेत म्हणून वॉर्डन आधी हातोडी बांधते आणि सभा आटोपली की सोडते. टोल ऐकले की लोक उठतात. हे इतकं जुनं आहे की सभा संपल्याचं पाद्रीही वेगळं सांगत नाहीत.

यंदा ती हे शेवटचंच करणार होती. क्रोमरला समुद्राकाठी तिची बहीण एनिड राहते, तिला आता दिसेनासं झालं आहे. तिच्या खालची खोली रिकामी झाली होती आणि मालक शनिवारपर्यंत थांबायला कबूल झाला होता. सभेत वॉर्डनच्या निवडीला मी यंदा उभी राहत नाही, हे थिर्झाने पाद्री क्रिस्पिन ऑलरनशॉ यांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, सभेत बघू. गावाला धास्ती होती ती वेगळीच: वॉर्डन मिळाली नाही तर चर्चला कुलूप लागेल. म्हणून तिने ठरवलं होतं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

सभेआधी कप मांडता मांडता मेव्हिस थर्केटल म्हणालीच होती, "तू क्रोमरला? अगं, तुझ्याशिवाय इथली वटवाघळंसुद्धा जागा सोडतील."

"मग जाते मी," थिर्झा म्हणाली होती. "त्यांना हाकलायला तरी कुठे परवानगी मिळते आहे?"

खालून धप्प आवाज आला तेव्हा ती हातोडीला दोरी गुंडाळत होती. गोल जिना चाचपत ती खाली आली. दार हलेना. पुन्हा वर चढून ती घंटेच्या दोऱ्यांच्या खोलीतल्या छोट्या खिडकीशी गेली. ही खिडकी चर्चच्या आत उघडते. म्हणजे पूर्वी उघडत असे, आता काच आहे. मेव्हिस मधल्या वाटेने चालली होती. काखेत नांगराची उशी. तिने ती झटकली, आपल्या बाकाच्या आकड्याला अडकवली आणि सरळ केली. आईने वर्षभर बसून भरलेली उशी कुणीतरी फरशीवर टाकलेली पाहून थर्केटल घराण्यातली कुठलीही बाई दुसरं काही करणार नव्हती. हे थिर्झाला आधी सुचायला हवं होतं.

तिने काच वाजवली, हाकही मारली. खाली गरम हवेचे पंखे घरघरत होते आणि लोक थंडीमुळे पार पलीकडे, कोरीव लाकडी पडद्याच्या आत, गायकांच्या बाकांवर दाटीने बसले होते. पडद्यावरच्या संतांचे चेहरे कधीचेच खरवडून काढलेले. वर छताच्या तुळयांवर लाकडी देवदूत पंख पसरून ओळीने उभे. खिडकीतून ते अगदी समोर दिसत. पंखांवरची धूळ खालून कुणाला दिसत नाही. दरवर्षी शिडी लावून ती पुसायची ती थिर्झाच.

तिचा कोट वॉर्डनच्या बाकावर होता, फोन कोटाच्या खिशात.

काच फोडता आली असती. पण तिच्या शिशाच्या चौकटीत जुन्या रंगीत काचेचे तुकडे बसवलेले होते, एकात पिवळ्या रंगातला एक हात. कोठारातल्या खोक्यातून ते तिनेच शोधून काढले होते. तिने तळहाताने ठोकून पाहिलं, मग मुठीने, पण कडेच्या साध्या काचेवर.

ध्वनिवर्धकाची पेटी खिडकीच्या बरोब्बर खाली होती, त्यामुळे पाद्रींचा शब्द न् शब्द वर येत होता. छप्पर झालं, दफनभूमीतलं गवत झालं. मग ते वॉर्डनवर आले.

"थिर्झा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी तिचा कोट दाखवला. माइक मेव्हिसकडे गेला. "इथेच कुठेतरी असेल, पाद्रीसाहेब. चारचौघांत आपलं कौतुक ऐकायला लाजते ती. मी तिचं नाव सुचवते."

हात वर झाले. थिर्झाला ते वरून नीट दिसले. गेल्या वर्षी होते तेच हात.

"मी तिच्याशी नंतर बोलेन," पाद्री म्हणाले. "दुसरं कुणी तयार असेल तर आत्ता सांगा. नाहीतर थिर्झालाच काही म्हणायचं असेल तर."

आठ व्हायला आले होते. टोल पडले तर सगळे मनोऱ्याकडे बघतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती वर धावली आणि दोरी सोडली. पहिला टोल तिच्या डोक्यावरच पडला. ती खिडकीशी परतली तेव्हा सगळे खरोखरच वर बघत होते. आणि हसत होते. अंधारातल्या काचेमागची ती मात्र कुणाला दिसली नाही.

"आलं उत्तर," पाद्री म्हणाले.

लोक उठले. पंखे बंद झाले, पण बाकं सरकण्याचा आणि बोलण्याचा कल्लोळ मोठा होता. ती ओरडत होती तेव्हा कुणीतरी भांडी गोळा करत होतं. दिवे मालवायचं आणि मोठं दार लावायचं काम वॉर्डनचं, म्हणून दिवे चालू ठेवून, किल्ली दाराला तशीच ठेवून सगळे गेले.

मग तिने हातोडीची तार हाताने ओढायला सुरुवात केली. एकामागून एक, न मोजता. हात भरून आले तेव्हा ती जिन्याच्या भिंतीतल्या, बाहेर बघायच्या फटीशी गेली. समोरच्या खानावळीचं दार उघडलं. दोघं बाहेर आले, त्यांनी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. एकाने खिशातून फोन काढला.

रिकाम्या चर्चमध्ये वॉर्डनच्या बाकावर फोन वाजू लागला. घड्याळ बिघडलं की हॅडिंगफील्डमध्ये थिर्झालाच कळवतात.

फोन थांबला. पुन्हा वाजला. थिर्झाने उजव्या पायातला बूट काढून हातात घेतला आणि ती खिडकीसमोर उभी राहिली. साडेआठ वाजले तरी काच शाबूत होती.