मागून ठेवलेला हात

"हात काढू नको, बाई. मी सांगतो तवा काढ."

रुखमाबाईने हात काढला नाही. तिचा पंजा नवऱ्याच्या डोक्यावर होता आणि पंजाखाली लुगड्याचा फाडलेला पदर. मोहटोल्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंत अठरा किलोमीटर ती मालवाहू गाडीत तशीच बसून आली होती. पहाटे वारलू मोहफुलं वेचायला झाडाखाली वाकला होता, तेव्हा अस्वल मागून आलं. वारलूच्या डोक्याची कातडी मानेकडून वर सुटली होती. ती जागेवर राहावी म्हणून बायकोने ती दाबून धरली होती.

"आता काढ."

कातडी मागे लोंबली आणि खालचं पांढरं हाड दिसलं. ड्रेसर कय्यूमने सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुऱ्हाडीचे घाव पाहिले होते, रानडुकराने फाडलेल्या मांड्या पाहिल्या होत्या, पण असं काही त्यानेही पाहिलं नव्हतं. मग तो कामाला लागला. चिमट्याने त्याने वाळलेला पाला काढला, माती काढली. रक्तातून एक अख्खं मोहफूल निघालं. खोलीभर मोहाचा गोड वास होता. वारलू शुद्धीत होता. नुसता थरथरत होता.

नव्याने आलेल्या डॉक्टर रंजीता मॅडमनी इंजेक्शन दिलं, कय्यूमने पट्टी आवळली, आणि वारलूची रवानगी चंद्रपूरला झाली. रुखमाबाई गाडीत चढताना कय्यूम म्हणाला, "वाचते तो. घाबरू नको."

तो वाचला. वीस दिवसांनी टाके घालून परत आला आणि रोजची पट्टी कय्यूमकडे आली.

कय्यूमचा बाप मूलच्या बाजारात शिंपी होता. कय्यूम म्हणायचा, "मी पन शिंपीच, कापड तेवढं वेगळं." त्याच्या हाताला गुण आहे असं आसपासच्या चाळीस गावांत बोललं जायचं, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे, तोच सांगत सुटायचा. त्याची एक पद्धत होती. पट्टीच्या खोलीतला स्टूल त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पेशंटला कात्री दिसली की त्याचा अर्धा जीव तिथेच जातो, म्हणून कय्यूम नेहमी मागून यायचा, डावा हात मानेवर ठेवायचा आणि बोलता बोलता काम उरकायचा. पोरं रडायची नाहीत. बायका म्हणायच्या, कळलंपण नाही.

वारलू मात्र रोज थरथरायचा. मानेवर हात पडला की त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं, टाचा स्टुलाच्या पायांवर आपटायच्या. एकदा तर त्याने स्टुलावरच लघवी केली. कय्यूमने फरशी पुसून घेतली आणि रुखमाबाईला समजावलं, "दुखते ना, बाई. होते असं. मोठी जखम हाये."

ती कोपऱ्यात चिलमची, म्हणजे घाण पाणी झेलायचं पसरट भांडं, धरून उभी असायची. एक दिवस ती हळूच म्हणाली, "भाऊ, समोरून नाई करता येत का?"

कय्यूम हसला. "जखम मागं हाये, बाई. समोरून काय करू, आरती?"

तीही कसनुसं हसली आणि तिने चिलमची पुढे केली. जाताना वारलू पुढे चालायचा आणि ती दोन पावलं मागे, गावच्या रीतीप्रमाणे. एक्केचाळिसाव्या दिवशी कय्यूमने शेवटची पट्टी काढली. डोक्यावर केस उगवणार नव्हते, पण जखम सुरेख भरली होती. त्याने केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जखम पूर्ण भरली. रुग्ण बरा.' मॅडमनी खाली सही केली. त्या संध्याकाळी त्याने घरी बायकोला, हाजराला, तीनदा सांगितलं की असं काम चंद्रपुरातपण होत नाही. हाजरा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माशाल्ला. आता हात धुऊन घ्या."

पुढच्याच महिन्यात जिल्ह्याच्या गावी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक खाट काढली. खाटेचे चार पाय म्हणजे शरीर, मन, घर आणि चार माणसांतलं उठणंबसणं. एक पाय तोकडा असला तरी माणूस निजू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. कय्यूमने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, यातल्या कोनत्या पायाले पट्टी बांधाची?" सगळे हसले. त्याने जेवणाची थाळी घेतली, हजेरीवर सही केली आणि चारच्या एसटीने परत आला. जखम भरली की माणूस बरा, हे त्याचं शास्त्र. त्याला खाट कशाला हवी?

भाताच्या रोवणीच्या दिवसांत रुखमाबाई आली. उजवं मनगट सुजून कोहळ्यासारखं झालं होतं.

"काय झालं?"

"पडली. बांधीत पाय घसरला."

कय्यूमने तिचं मनगट बांधलं. पोळ्यानंतर ती पुन्हा आली. कानाची पाळी फाटली होती आणि कानामागे रक्त गोठलं होतं. तेव्हाही ती पडलीच होती. आश्विनात ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा पाठीवर काठीचे चार वळ होते आणि एका वळावर कातडी फुटली होती. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. कय्यूमने कापूस बाजूला ठेवला.

"रुखमाबाई, पडलेल्याची जखम मले कळते अन् मारलेल्याचीबी कळते. चार वेळा पाठीवर पडली का तुमी? काऊन खोटं बोलून राह्यल्या?"

तिने दाराकडे पाहून घेतलं.

"वारलू मारते ना? पेऊन मारते?"

"पेत नाई तो."

"मंग? शुद्धीत राहून मारते? ते तर अजून वाईट."

"त्याले नाई कळत, भाऊ."

"त्याले नाई कळत अन् तुमाले कळत नाई. झाकली मूठ ठेवा अशीच. एक दिवस तो तुमाले मारून टाकन, मंग मले सांगाले या."

हे बोलताना त्याचा आवाज चढला होता. त्याला खरोखर राग आला होता, आणि रागाचं अर्धं कारण असं की तो माणूस त्याने उभा केला होता. आपण भरलेल्या जखमेचा माणूस बायकोची पाठ फोडतो, हे त्याला स्वतःच्या तोंडात मारल्यासारखं वाटत होतं. रुखमाबाईने पदर सारखा केला. तिला काही सांगायचं होतं, पण ऐकायला तो थांबला कुठे होता?

रविवारी तो मोटारसायकलने मोहटोल्याला गेला. बरोबर कुणाला घेतलं नाही. वारलूला दोन शब्द सुनवायचे, वेळ पडली तर दोन कानाखाली द्यायच्या आणि परत यायचं, असं मनात होतं. गाडी त्याने पाराजवळच ठेवली, कारण पुढे चिखल होता. कुडाच्या मागच्या फटीतून तो अंगणात शिरला.

वारलू पाठमोरा होता. खाली वाकून कुऱ्हाडीने बांबूच्या कामट्या काढत होता. डोक्यामागचा तो गुळगुळीत लाल पट्टा उन्हात चकाकत होता, आणि तो पाहून कय्यूमचा राग थोडा उतरला. आपलंच काम. सव्वीस वर्षांची सवय त्याच्या हातात होती. तो मागून गेला आणि त्याने डावा हात वारलूच्या मानेवर ठेवला.

रुखमाबाई त्याच वेळी दारात आली. "भाऊ, मागून नोका..." एवढंच तिला म्हणता आलं.

कुऱ्हाड उलटी फिरली. पहिला घाव तुंब्याचा, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूचा होता, तो कय्यूमच्या खांद्यावर बसला. तो कोसळला आणि त्याने उजवा हात बाजूच्या खुंट्याला धरला. दुसरा घाव त्या हातावर आला. बोटं खुंटा आणि लोखंडाच्या मधे चेचली गेली, आणि तो आवाज त्याने ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. वारलू ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. त्याचा चेहरा पहिल्या दिवशी पट्टीच्या खोलीत होता तसाच होता, डोळे फाटलेले आणि ओठ पांढरे. कुऱ्हाड तिसऱ्यांदा वर गेली.

रुखमाबाई मधे आली. ती मागून धावली नाही. एवढ्या घाईतही ती वळसा घालून त्याच्या तोंडासमोर आली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "पाहा मले. मी हाये. अस्वल गेलं. पाहा मले."

तिने ते पाचसहा वेळा म्हटलं. कुऱ्हाड खाली पडली. वारलूने कय्यूमकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि तो मटकन बसला.

"कय्यूमभाऊ?" तो म्हणाला. "मी केलं का हे?" आणि त्याने तिथेच वांती केली.

रुखमाबाईने फडकं ओलं करून कय्यूमच्या बोटांना गुंडाळलं. पट्टी कशी आवळायची ते तिने एक्केचाळीस दिवस पाहिलं होतं.

"मी विसरते, भाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कामाच्या नादात मागून जाते, मागून हात लावते. चूक माझी होते. म्हनून पडली म्हनते."

"कवापासून हाये हे?"

तिने फडक्याची गाठ मारली. सांगावं की नाही, असा विचार करत थोडी थांबली.

"तुमच्याइथून आला का रातभर बसून राहे. भिंतीले पाठ लावून. तुमी रोज मागून हात ठेवा ना. मी म्हटलं होतं तुमाले, समोरून करा."

कय्यूमच्या बोटांतली कळ खांद्यापर्यंत गेली होती, पण त्या क्षणी ती त्याला जाणवली नाही. एक्केचाळीस दिवस. रोज एकदा ते अस्वल वारलूच्या पाठीमागे उभं राहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते अस्वल कय्यूम होता. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात रंजीता मॅडमनी बोटं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन हाडांचा चुरा झाला होता. त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "कय्यूमभाऊ, कशाने झालं? मारहाण असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल. तो माणूस आत जाईल."

दाराशी रुखमाबाई उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि काय मागत होती ते त्याला स्वच्छ कळत होतं. पडलो, एवढा एक शब्द. तो त्याच्या जिभेवर आलासुद्धा होता. मग त्याला तिचं मनगट आठवलं, कान आठवला, पाठ आठवली. तीन वेळा तो शब्द इथे लिहिला गेला होता आणि त्या शब्दाने कुणाचंच भलं केलं नव्हतं.

"लिहा मॅडम," तो म्हणाला. "वारलूनं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं मारलं. अन् खाली लिहा, कय्यूमनं मागून हात ठेवला होता. माझी तक्रार नाई. पोलिसाइले मी स्वतः सांगतो."

मॅडमनी मान वर केली.

"अजून एक. त्याचा जुना केसपेपर काढा. त्याच्यावर मी 'रुग्ण बरा' लिहिलं हाये. ते खोडा. तो बरा नाई. त्याले मनाच्या डॉक्टरकडे चंद्रपूरले पाठवा."

दाराशी रुखमाबाई खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. इतक्या महिन्यांत ती इथे पहिल्यांदाच रडली.

कय्यूमची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. कात्री धरता येईना, तेव्हा त्याला चिठ्ठीच्या खिडकीत बसवलं. पट्टीची खोली सोडताना त्याने एकच केलं. भिंतीकडे तोंड केलेला स्टूल डाव्या हाताने फिरवून दाराकडे केला आणि नव्या ड्रेसरला सांगितलं की आधी समोर ये, नाव सांग, कात्री दाखव. दिवसाकाठी चारदोन पोरं आता रडतात. रडू देत.

वारलूच्या गोळ्या आता इथेच मिळतात. दर महिन्याला दोघं येतात. दोघं दिसली की कय्यूम खिडकी सोडून बाहेर येतो आणि दहा पावलांवरून म्हणतो, "वारलू, मी कय्यूम. समोरून येऊन राह्यलो." वारलू मान हलवतो. परवा त्याने पहिल्यांदाच कय्यूमचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"या महिन्यात?" कय्यूमने रुखमाबाईला विचारलं.

"एकदा," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात चारदा."

पडली असं ती म्हणाली नाही. कय्यूमने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, केसपेपरवर 'एकदा' लिहिलं.

दोघं एसटीच्या थांब्याकडे निघाली. आता रुखमाबाई पुढे चालते, म्हणजे तिचा हात चुकून मागून लागत नाही. पानठेल्यावरची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारून हसली, बायको पुढं अन् नवरा मांगं म्हणून. तिने तिकडे पाहिलं नाही. वाकड्या मनगटात गोळ्यांची पिशवी अडकवून ती सरळ चालत राहिली, आणि दोन पावलं मागे वारलू, स्वतःचाच हात स्वतःच्या मानेवर ठेवून.