सांडलेले दाणे

आत्याने वाफा इतका निगुतीने झाडला होता की मातीवर औषधालाही दाणा उरला नव्हता. ते पाहून खारू धावतच तिच्याकडे आली.

लहानपणापासून बिया जमवायची म्हणून आत्यानेच भाचीला खारू म्हणायला सुरुवात केली. आता ती प्रयोगशाळेमागच्या वाफ्यांत रानगहू पेरत होती. रानगव्हाचा दाणा पिकला की ओंबीतून आपोआप गळतो. दाणे धरून ठेवणारी हट्टी ओंबी एखादीच. खारू गारगोटीच्या विळ्याने कापणी करी आणि ओंबीत टिकलेले दाणेच पुढच्या पेरणीला ठेवी. रानात वेचून खाणारी माणसं शेतकरी कशी झाली, हे तिला करून पाहायचं होतं. हंगामागणिक हट्टी ओंब्या वाढत होत्या आणि तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता.

"झाडलेले दाणे कुठायत, आत्या?"

"तुझ्या बियाण्याच्या बरणीत. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलेली बाई मी. धान्य मातीत जाऊ देईन होय?"

"टरफलासकट टाकलेस ना?"

"छे! बरणीतल्यांसारखेच कांडून, पाखडून. कामात आपली कसूर नसते."

खारू प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली. टरफलाच्या बुडाशी असलेल्या गुळगुळीत वणावरून आपोआप गळालेला दाणा ओळखता आला असता. आता तीही सोय गेली होती.

"अगं, सांडले तेच तर नको होते मला! हट्टी तेवढे वेगळे काढत होते."

आत्याचा चेहरा पडला. "पोरं उपाशी असली तर सांडलेले कोण सोडेल गं? मला नाही सुचलं."

खारूला एक जुनं कोडं आठवलं. जुन्या वस्त्यांमध्ये रानगव्हाचा शेतातला गहू व्हायला हजारो वर्षं लागली होती. तिच्या वाफ्यात तो बदल भराभर होत होता. पण तिच्या वाफ्यात सांडलेले दाणेही वेचायला लावणारी उपाशी पोरं नव्हती.

"मागच्या हंगामाचं थोडं राखीव बियाणं आहे," ती सावकाश म्हणाली. "एका वाफ्यात ते. दुसऱ्यात तुझी भेसळ. आणि तिथे दर वर्षी तू असंच सगळं वेचायचंस."

"म्हणजे चूक करायला मला नोकरी?"

"बिनपगारी."

"वा! आणि बोलणी वर फुकट."

खारूने हसत मार्गदर्शक बाईंना फोन लावला. "मॅडम, प्रबंधाला उशीर होणार," ती म्हणाली, "आणि मला वाफाही एक जास्त लागेल."