निळ्या पिंपातलं हिरवं पाणी

पाचव्या महिन्यात निशिगंधाला झोपेचं वेडच लागलं. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून चाकणजवळच्या निघोज्यात उतरली, की ती गच्चीवरच्या खोलीत आडवी व्हायची. खिडकीबाहेर आडवी चिरलेली दोन निळी पिंपं होती. त्यांतल्या पाण्यावरून आलेला हिरवट उजेड छतावर हलत राहायचा. त्याखाली झोपलं की स्वप्नंही हिरवीच पडायची. एकदा बाळ पोहत पोहत जवळ आलं आणि काही न बोलता तिच्याकडे बघत तरंगत राहिलं.

त्या पाण्यात तिच्या सासूबाई, कुसुमताई, स्पिरुलिना नावाचं पौष्टिक शेवाळ वाढवत होत्या. महिला गटाच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणातून त्या बाटलीभर हिरवं पाणी घेऊन आल्या, आणि तेव्हापासून घरात त्यांच्याखेरीज कुणाला विज्ञान कळेनासं झालं. कुणी शेवाळ म्हटलं की त्यांना खपत नसे. "शेवाळ हौदाला असतंय. ह्ये अन्न हाय." सकाळी सुती फडक्यातून गाळायचं, ताटात वाळवायचं, मिक्सरला फिरवायचं, आणि चमचाभर ताकात ढवळून सुनेपुढे धरायचं. पेला रिकामा झाल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. आणि तो रिकामा झाला, की सुनेपेक्षा त्यांच्याच गालांवर लाली दिसे.

पुड्या शेजारीही जात. घेणारीनं गल्लीत कौतुक सांगितलं नाही, तर पुढची पुडी जराशी लहान व्हायची, एवढाच काय तो कुसुमताईंच्या औदार्याचा नियम. समोरच्या चाळीतली मिनल सातव्या महिन्यात होती आणि सगळ्यांत जास्त कौतुक तीच करायची. तिला अख्खा डबा मिळाला होता.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "मी दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेताय?"

"स्पिरुलिना. उलट्या थांबल्यावर सुरू केली. अठरा दिवस झाले."

"तपासलेली आहे?"

"घरचीच आहे, मॅडम."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "ती वाईटच असते असं मी म्हणत नाही. पण गरोदर बायकांवर तिचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. शिवाय पाण्यात जे असेल ते ती स्वतःत ओढून घेते. शिसं असेल तर शिसंसुद्धा. विषारी शेवाळ मिसळलेलं असलं तर नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. बंद करा."

'घरचीच आहे' हे स्वतःचं वाक्य निशिगंधाला रस्ताभर टोचत राहिलं. चाकणच्या कंपनीत तिचं कामच ते होतं, बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की नाही ते ठरवणं. सप्लायर किती का जुना असेना, टेस्ट रिपोर्ट नसेल तर ती मालाला नापास केल्याचा लाल टॅग बांधायची. मालोजी नावाचा एक सप्लायर वैतागून म्हणायचा, "मॅडम, लग्नाआधी नवऱ्याचा तरी रिपोर्ट मागितला होता का?" ती ताठ मानेनं टॅगची गाठ पक्की करायची. आणि इथे अठरा पेले तिनं एक प्रश्न न विचारता रिचवले होते.

घरी येताच तिनं नवऱ्याला गाठलं. "रविराज, ही पिंपं कुठली?"

"आमच्या वर्कशॉपची. टाकूनच देत होते." रविराज तळवड्याला जुन्या बॅटऱ्या खोलून त्यांतलं शिसं काढायच्या कामावर होता. "अगं, अर्धं पिंपरी-चिंचवड कंपनीच्या पिंपातलं पाणी वापरतं. साबणानं तीनदा धुतलीत."

"आधी काय होतं त्यात?"

"काही नाही गं, बॅटऱ्या धुतलेलं..." आणि त्यानं पिंपांकडे वळून पाहिलं.

निशिगंधानं बॅगेतला लाल टॅग काढला आणि पिंपाला बांधला. कुसुमताई दारात उभ्या होत्या.

"माझ्या हातचं नकोसं झालं व्हय तुला?"

"आई, टॅग पिंपाला लावलाय. तुमच्या हाताला नाही."

त्यानंतर चार दिवस घरात ताक घुसळलं गेलं नाही. पावडर भोसरीच्या लॅबला गेली, आणि डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून निशिगंधाचं रक्तही. त्या आठवड्यात दुपारच्या झोपेत बाळ पोहत नव्हतं. ते तळाशी बसलं होतं, मुठीत एक करडा खडा धरून. ती हात लांब करायची, आणि पाणी तेवढंच खोल व्हायचं.

रिपोर्ट आले. पावडरीत शिसं मर्यादेच्या कितीतरी पट होतं. रक्तात मात्र अगदी कमी. थोडेच दिवस घेतलं म्हणून निभावलं, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू, असं डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं.

"म्हंजी सुटलो," कुसुमताई म्हणाल्या.

"मी सुटले," निशिगंधा म्हणाली. "मिनलला कधीपासून देताय?"

कुसुमताईंनी बोटं मोजली. एकदा मोजून पुन्हा मोजली, जणू दुसऱ्या खेपेला एखादं बोट कमी भरेल. "तिसरा म्हैना चाललाय."

"मी तिला फोन करते. मग बाकीच्या घरांना."

"फोन न्हाई. म्या हातानं दिलंय." त्यांनी चपला घातल्या. निशिगंधा त्यांच्या मागोमाग निघाली.

दुपारची गल्ली झोपेत चालल्यासारखी संथ होती. मिनलनं दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. "काकू, बरं झालं आलात! डबा संपतच आलाय बघा."

"टाकून दे त्यो. खाऊ नगं," कुसुमताई म्हणाल्या. आजवर त्यांनी मीठ जास्त पडलं हेसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. "चुकलं माझं. त्यात शिसं निघालंय. चल, रगात तपासून येऊ."

मिनलला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं निशिगंधाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात आपसूक पोटावर गेला.

रिक्षात ती दोघींच्या मधे बसली. चाकणकडचे ट्रेलर बाजूनं सरकत होते, धुळीत विरघळत होते. तिनं विचारलं, "काकू, बाळाला काही होणार नाही ना?"

कुसुमताईंनी मिनलचा हात आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही तळव्यांत झाकला.

"मला म्हाईत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "पर रिपोर्ट येईस्तोवर मी तुझ्यापाशीच बसणार हाय."